दवंडी कोणाच्या भाषेंत?



परक्या शहरांत पोट भरण्यासाठीं आलेल्या माणसाला सांथीच्या दिवसांत सर्वांत आधीं काय हवें असतें? औषध, असें आपण चटकन् म्हणूं. परंतु औषधाच्याहि आधीं त्याला हवी असते ती खरी बातमी. आणि तीहि त्याला कळेल अशा भाषेंत, त्याचा विश्वास असलेल्या माणसाच्या तोंडून. ही साधी गोष्ट मुंबई शहराला सव्वाशें वर्षांपूर्वीं फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

सन 1896 च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. आकासिओ व्हिएगस यांना गांठीच्या तापाचे रोगी आढळले, आणि हा प्लेग आहे असें त्यांनीं निर्भीडपणें सांगितलें. त्या वेळची मुंबई ही मुख्यतः बाहेरून आलेल्यांची वस्ती होती. 1901 च्या खानेसुमारींत शहरांतील दर चार माणसांपैकीं जेमतेम एक जण मुंबईंत जन्मलेला आढळला. गिरणींत रत्नागिरी-साताऱ्याचा शेतकरी, मागावर उत्तर हिंदुस्थानांतील मुसलमान विणकर, पेढीवर कच्छी व्यापारी, रस्ते झाडावयास गुजराथ-काठेवाडांतील कामकरी, असें तें शहर होतें. गोदी आणि गिरणी या सर्वांना एकत्र आणीत. पण सुखदुःखाची भाषा ज्याची त्याची निराळी होती.

6 ऑक्टोबर रोजीं म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं हुकूम काढला. घरें धुऊन काढावीं, रोगी असेल त्यास जरूर तर सक्तीनेंहि इस्पितळांत न्यावें, असा त्याचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीनें त्यांत कांहीं उणें नसेल. परंतु चाळींतल्या माणसाचे प्रश्न निराळे होते. माझ्या बायकोला नेलें तर मला तिच्याजवळ बसूं देतील काय? पाणी कोणाच्या हातचें मिळेल? ती दगावली तर प्रेत आमच्या हवालीं होईल काय? या प्रश्नांना ज्याच्या तोंडून उत्तर मिळावें, असा आपला माणूस त्याच्यापाशीं सरकारनें पाठविला नव्हता. जेथें उत्तर नसतें तेथें अफवा शिरते. इस्पितळांत रोग्यांना मारून त्यांची मोमियाई काढतात, अशी कंडी सर्वत्र पसरली. शिवाय रोगी तेथें बहुधा अगदीं शेवटच्या अवस्थेंत पोंचत आणि पुष्कळसे परत येत नसत. म्हणून त्या अफवेला दररोज नवा पुरावाहि मिळे.

29 ऑक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणी-कामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. सफाईचे कामकरी शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यास अयोग्य होईल, ही धास्ती कमिशनरसाहेबांना होतीच. त्यानंतर हुकूम सौम्य झाला आणि घरींच रोग्यास निराळें ठेवण्याची सोय असल्यास सक्ती न करण्याचें ठरलें. परंतु तोंवर लोकांचे पाय गांवाकडे वळले होते. पुढील फेब्रुवारीपर्यंत शहर जवळजवळ निम्में रिकामें झालें. आगगाडींत आणि आगबोटींत गर्दी मावेना. आणि त्या गर्दीबरोबर रोगहि गांवोगांव गेला.

येथें सरकारी डॉक्टरांनाच सर्व दोष देणें न्याय्य होणार नाहीं. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो हें सीमाँ या फ्रेंच डॉक्टरास 1898 मध्यें कराचीस प्रथम दिसलें. सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. म्हणजे सांगणाराहि अंधारांतच होता. पण अंधारांतला वाटाड्या जेव्हां हात धरून न नेतां काठीनें हांकूं लागतो, तेव्हां मागचे लोक पळतात, हें नवल नव्हे.

मग शहाणपण कोठून आलें? कांहीं अंशीं त्या त्या समाजांतूनच. 1897 च्या मार्चमध्यें जनरल गॅटेकर यांच्या हाताखालीं प्लेग कमिटी नेमली गेली. या कमिटीच्या काळांत निरनिराळ्या ज्ञातींनीं व समाजांनीं आपापलीं इस्पितळें उघडलीं. तेथें आपल्या भाषेंत विचारपूस होई, आपल्या रीतीचें अन्न मिळे, नातलगांस भेटतां येई. औषधोपचारांत फारसा फरक नसेल. परंतु रोग्यास लपविण्याचें कारण कमी झालें. तीच गोष्ट टोंचणीची. हाफकिन साहेबांनीं मुंबईंत लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें तरुण आगाखानांनीं सर्वांदेखत आपल्या दंडांत सुई घेतली, तेव्हां खोजा समाजांतील हजारों लोक पुढें आले. शंभर जाहिरातींनीं जें झालें नसतें तें त्या एका उघड्या दंडानें केलें.

याच्या उलट अनुभव 9 मार्च 1898 रोजीं मदनपुऱ्यांत आला. तेथील विणकरांच्या वस्तींत झडतीचें पथक एका बारा वर्षांच्या आजारी मुलीस तपासूं लागलें. घरच्यांनीं हरकत घेतली, गर्दी जमली, दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसें मेलीं. तपासण्यास एखादी स्त्री डॉक्टर आणि समजावण्यास वस्तींतला एखादा वडीलधारा बरोबर असता, तर कदाचित् इतकें घडतें ना.

हाफकिनची तीच लस दोन वर्षांनीं पॅसिफिक महासागराच्या पलीकडे गेली. सान फ्रान्सिस्कोंत 6 मार्च 1900 रोजीं चिनी वस्तींत एका मृताच्या अंगावर प्लेगच्या गांठी दिसल्या, आणि एका रात्रींत त्या वस्तीभोवतीं दोर बांधून पोलिसांचा पहारा बसला. गोऱ्यांना बाहेर पडूं दिलें. चिनी आंत अडकले. अवघ्या दीड महिन्यापूर्वीं होनोलुलुमध्यें प्लेगचीं घरें जाळतांना आग हाताबाहेर जाऊन तेथील चिनी वस्ती भस्म झाली होती. ती बातमी येथें प्रत्येकाच्या कानीं होती. मग मे महिन्यांत टोंचणीची सक्ती निघाली. हें विष आहे, अशी समजूत पसरली; लोक दुकानें बंद करून बसले. अखेर त्यांनीं न्यायालयाचें दार ठोठावलें. न्यायमूर्ति मॉरो यांनीं 28 मे रोजीं टोंचणीच्या सक्तीविरुद्ध, आणि 15 जून रोजीं त्या कोंडीविरुद्ध निकाल दिला. एकाच वंशाच्या माणसांना असें वेगळें काढणें कायद्याला धरून नाहीं, असा त्याचा भावार्थ होता. सांथ 1904 पर्यंत रेंगाळली. 1907 मध्यें ती परत आली तेव्हां अधिकाऱ्यांनीं माणसांऐवजीं उंदरांचा पाठलाग केला, आणि वर्षा-दीड वर्षांत ती आटोक्यांत आली.

दोन बंदरें, दोन महासागर, लस एकच, आणि चूकहि एकच! सांगण्याआधीं हुकूम, आणि विचारण्याआधीं झडती.

तर मग सूचनांचें भाषांतर केलें म्हणजे काम भागलें काय? नाहीं. 24 मार्च 2020 रोजीं रात्रीं आठ वाजतां सर्व देश बंद होत असल्याचें हिंदींत जाहीर झालें. मुंबईंतील उत्तरेकडच्या मजुराला त्यांतला शब्द न् शब्द कळला. घरांत राहा, हें त्याला समजलें. पण खोलीचें भाडें कोण देणार आणि उद्यांची भाकर कोठून येणार, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. म्हणून तोहि गांवाकडे निघाला; या खेपेस आगगाडी बंद होती, म्हणून पायीं.

परक्या माणसासाठीं सूचना लिहावयास बसणारानें म्हणून प्रथम त्याच्या दाराशीं जाऊन त्याचे प्रश्न ऐकावे. उत्तर त्याच्या बोलींत द्यावें, आणि त्याच्या ओळखीच्या तोंडानें द्यावें. ज्या शहरानें दूरदूरच्या माणसांचे हात कामाला बोलाविले, त्या शहरानें संकटाच्या रात्रीं त्यांच्या कानांचीहि आठवण ठेवावी, एवढेंच या जुन्या हकीकतीचें मागणें आहे.