छत्तीस अक्षरांची कुळकथा

कोर्चा हे आजच्या अल्बेनियाच्या आग्नेय कोपऱ्यातलं गाव. समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटर उंचीवरचं पठार, पूर्वेला मोरावाचा डोंगर आणि डोंगरापलीकडे थोड्याच अंतरावर ग्रीसची हद्द. एकोणिसाव्या शतकात ही हद्द नव्हती. सगळा मुलूख उस्मानी सुलतानाचा होता आणि कोर्चाचा कारभार मनास्तिरच्या सुभेदाराच्या हाताखाली चाले. मात्र दुसरी एक हद्द तेव्हाही होती, आणि ती गावातल्या माणसांच्या मधून जात होती. उस्मानी राज्यात प्रजेची नोंद धर्मावरून व्हायची, भाषेवरून नाही. मुसलमान असाल तर मुलगा मदरशात अरबी अक्षरं गिरवणार. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असाल तर त्याची शाळा ग्रीक, पुस्तक ग्रीक, प्रार्थना ग्रीक. उत्तरेच्या डोंगरांतल्या कॅथलिकांची ओढ रोमकडे, म्हणून त्यांची अक्षरं लॅटिन. हे तिन्ही लोक घरात, शेतात, बाजारातल्या घासाघीशीत बोलत होते ती भाषा एकच होती, अल्बेनियन. आणि सर्वांनी आपली म्हणावी अशी लिपी नेमकी तिलाच नव्हती.

आज अल्बेनियन भाषा छत्तीस अक्षरांत लिहिली जाते. या अक्षरांचा जन्म १९०८ सालच्या मनास्तिरच्या परिषदेत झाला असं पाठ्यपुस्तकं सांगतात. तारखेपुरतं ते खरं आहे. पण अक्षरांचं कूळ शोधायचं तर मला ठराव करणाऱ्या सभागृहापेक्षा कोर्चाच्या आसपासची डोंगराळ गावं जास्त महत्त्वाची वाटतात. लिपीवाचून काय अडतं, याचा अनुभव तिथल्या माणसांनी रोज घेतला आणि त्यासाठी मोलही त्यांनीच मोजलं.

लिहिलं जात नव्हतं असं नाही. ग्योन बुझुकू नावाच्या कॅथलिक पाद्र्यानं २० मार्च १५५४ ते ५ जानेवारी १५५५ या काळात अल्बेनियनमध्ये प्रार्थनाविधीचं पुस्तक तयार केलं. या भाषेतलं ते सर्वांत जुनं ज्ञात छापील पुस्तक. लॅटिन अक्षरांना जिथे अल्बेनियन आवाज पकडता येईनात, तिथे बुझुकूनं आणखी काही चिन्हं वापरली. या पुस्तकाची एकच प्रत उरली, तीही रोममध्ये, आणि १७४० साली ग्योन काझाझी या धर्मगुरूला ती सापडेपर्यंत कुणाला तिचा पत्ता नव्हता. दक्षिणेत मुसलमान कवी अरबी अक्षरांत अल्बेनियन कविता लिहीत होते. एल्बासानमध्ये अठराव्या शतकात कुणा ऑर्थोडॉक्स धर्मगुरूनं बायबलमधले उतारे अगदी नव्या, स्वतःच घडवलेल्या लिपीत उतरवले. त्याच गावात तोधरी या शिक्षकाच्या नावानं ओळखली जाणारी आणखी एक लिपी व्यापाऱ्यांच्या हिशेबांत वापरली गेली. प्रत्येक लिपी आपल्या कोपऱ्यात जगली. शेजारच्या कोपऱ्यातल्या माणसाला ती वाचता येत नव्हती.

कोर्चाकडे वळू. हे गाव उभं केलं इल्याझ बे मिराहोरी यानं. हा जवळच्या पानारित गावचा मुलगा. उस्मानी सैन्यात वाढला आणि पुढे सुलतानाच्या तबेल्याचा प्रमुख झाला. पंधराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली त्याची मशीद कोर्चात आजही आहे. पण पुढची दोनअडीचशे वर्षं या भागातलं नाव घेण्याजोगं गाव कोर्चा नव्हतं. ते होतं पश्चिमेच्या डोंगरातलं व्होस्कोपोया. तिथे मुख्यतः व्लाख या बाल्कन समाजातले व्यापारी राहत. त्यांचे काफिले व्हेनिस आणि व्हिएन्नापर्यंत जात. या गावात अठराव्या शतकात छापखाना होता आणि १७४४ पासून ‘नवी अकादमी’ नावाची मोठी शाळा. छापखान्यातून पुस्तकं निघत ती ग्रीकमध्ये. अकादमीचे प्रमुख थेओदोर कावालियोती यांनी १७७० साली व्हेनिसमध्ये ग्रीक, व्लाख आणि अल्बेनियन अशा तीन भाषांचा शब्दसंग्रह छापला. त्यात अल्बेनियन शब्द होते, तेही ग्रीक अक्षरांत. त्यांच्यानंतर दानिएल नावाच्या तिथल्याच विद्वानानं चार भाषांचा कोश केला आणि त्यामागचा हेतू उघड सांगितला: इतरांनी आपापली बोली सोडून ग्रीकमध्ये यावं. कोश अल्बेनियन शिकवायला नव्हता, अल्बेनियन बोलणाऱ्याला तिच्यापासून दूर न्यायला होता. तरीही या शब्दांची कागदावर नोंद झाली ती याच कामामुळे. १७६९ पासूनच्या लुटींनी व्होस्कोपोया उजाड झालं, व्यापारी पांगले, आणि त्यांतले काही कोर्चात आले. कोर्चाच्या बाजाराची भरभराट या पडझडीनंतरची.

याच डोंगरांतलं दुसरं गाव विथकुक. इथे १७९७ साली जन्मलेले नाउम वेकिलहार्जी रोमानियात गेले, वकील झाले, १८२१ च्या तिथल्या उठावातही होते. आपल्या लोकांचं मागासलेपण आपल्या भाषेत शिक्षण नसल्यामुळे आहे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. मग प्रश्न आला अक्षरांचा. ग्रीक अक्षरं घ्यावीत तर मुसलमान दुरावतात. अरबी घ्यावीत तर ख्रिस्ती. लॅटिन म्हणजे पोप. वेकिलहार्जींनी यातली एकही घेतली नाही. त्यांनी कुठल्याच देवाच्या दारातून न आलेली कोरी वर्णमाला तयार केली आणि १८४४ साली तिचं छोटं बालबोध पुस्तक छापलं. कोर्चा, बेरात, पर्मेत अशा गावांत प्रती पोहोचल्या. पुढच्या सहा दशकांतल्या साऱ्या वादाचा गाभा या माणसानं सुरुवातीलाच नेमका पकडला होता, म्हणून मला त्यांचं विशेष वाटतं. लिपी तगली नाही. कारण साधं होतं. नव्या अक्षरांसाठी नवे खिळे ओतावे लागतात, आणि ते खिळे नेहमीच्या छापखान्यांत नव्हते. त्यांचा मृत्यू विषप्रयोगानं झाला, अशी आठवण अल्बेनियन लोक सांगतात.

पुढचा मोठा प्रयत्न झाला राजधानीत. १८७८ च्या बर्लिन कराराने अल्बेनियन मुलखाचे लचके शेजाऱ्यांना देऊ केले, तेव्हा ‘आम्ही एक लोक आहोत’ हे जगाला दाखवणं निकडीचं झालं. १८७९ साली इस्तंबूलमध्ये अल्बेनियन पुस्तकं छापण्यासाठी मंडळ स्थापन झालं. त्यात मुसलमान सामी फ्राशरी होते, कॅथलिक पाश्को वासा होते, ऑर्थोडॉक्स यानी व्रेतो आणि कोतो होजी होते. त्यांनी सामींची छत्तीस अक्षरांची वर्णमाला स्वीकारली. पाया लॅटिनचा, पण लॅटिनमध्ये नसलेल्या आवाजांसाठी ग्रीक वळणाची किंवा नवी चिन्हं. तत्त्व एकच: एका आवाजाला एक अक्षर. सामी म्हणजे लहान माणूस नव्हे. उस्मानी तुर्की भाषेचा ‘कामूस-इ तुर्की’ हा प्रसिद्ध कोश त्यांचाच. तुर्कीची इतकी सेवा करणाऱ्या या विद्वानाला आपल्या आईच्या भाषेसाठी अक्षरं घडवायला वेळ होता.

या अक्षरांना पहिली खरी शाळा मिळाली ती कोर्चात. सामींचे भाऊ, कवी नाइम फ्राशरी, शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्यांनी आपलं वजन खर्च केलं. सुलतानाची परवानगी मिळाली. दियामांती तेर्पो या गृहस्थानं आपलं घर शाळेला दिलं. ७ मार्च १८८७ रोजी अल्बेनियन भाषेतून शिकवणारी ही शाळा उघडली. मुख्याध्यापक पांदेली सोतिरी इस्तंबूलमधल्या ‘द्रिता’ या अल्बेनियन नियतकालिकाच्या कामातून आलेले. पुस्तकं बुखारेस्टमध्ये छापलेली, बरीचशी नाइम आणि सामींनीच लिहिलेली. ७ मार्च हा अल्बेनियात आजही शिक्षक दिन असतो.

शाळा दोन्ही बाजूंना खुपली. अल्बेनियन भाषा मुसलमान आणि ख्रिस्ती मुलांना एका बाकावर बसवते, आणि धर्मावर उभी असलेली राज्याची मांडणी तिथे ढिली पडते, हे सुलतानाच्या अधिकाऱ्यांनी ओळखलं. मुसलमान मुलांनी या शाळेत जाऊ नये असा दबाव आला. ऑर्थोडॉक्स धर्मपीठाच्या दृष्टीनं तर आपली शाळा, आपला कळप, आपलं ग्रीकपण धोक्यात होतं. पेत्रो निनी लुआरासी आसपासच्या खेड्यांत अल्बेनियन शाळा काढत हिंडले आणि कोर्चाच्या शाळेचेही प्रमुख झाले. १८९२ साली कास्तोरियाच्या बिशपनं त्यांना आणि अल्बेनियन शिकवण्याला शाप देणारं पत्रक काढलं. अक्षरांना शाप! लुआरासींनी त्याला उत्तर म्हणून पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘अल्बेनियन अक्षरांना दिलेला शाप’ असं सुरू होतं. ते छापून आलं १९११ साली. त्याच वर्षी लुआरासी वारले, आणि त्यांनाही विष दिलं गेलं असं मानलं जातं.

मुलींसाठी १८९१ साली शाळा निघाली. ती सेवास्ती किरियाझी आणि तिचा भाऊ गेरासिम यांनी चालवली. सेवास्ती इस्तंबूलच्या अमेरिकन मुलींच्या कॉलेजातून नुकतीच पदवी घेऊन आली होती. गेरासिम प्रोटेस्टंट प्रचारक. काही वर्षांपूर्वी दरोडेखोरांनी त्याला पळवून नेऊन महिनोन् महिने डोंगरात ठेवलं होतं. तो १८९४ साली, पस्तिशीतच गेला. सेवास्तीनं शाळा सोडली नाही. अमेरिकन मिशनच्या आश्रयामुळे ही शाळा तग धरून राहिली. मुलांची शाळा मात्र १९०२ मध्ये बंद पडली. तोवर अल्बेनियन पुस्तक जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरू लागला होता.

१९०५ च्या फेब्रुवारीत नेगोवान या गावी पापा क्रिस्तो नेगोवानी या धर्मगुरूनं चर्चमधली उपासना अल्बेनियनमध्ये केली. दोन दिवसांत ग्रीक टोळीनं त्याला मारलं. पुढच्या वर्षी कोर्चाच्या ग्रीक बिशपला अल्बेनियन टोळीनं सूड म्हणून ठार केलं. प्रार्थना कुठल्या भाषेत करायची, यावरून ही दोन प्रेतं पडली.

जुलै १९०८ मध्ये ‘तरुण तुर्क’ या उस्मानी सुधारणावाद्यांनी सुलतानाला राज्यघटना परत आणायला लावली आणि अल्बेनियन पुस्तकांवरची बंदी उठली. नोव्हेंबरमध्ये मनास्तिर गावात, म्हणजे आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या बितोलात, अल्बेनियन गावागावांचे आणि परदेशातल्या मंडळांचे प्रतिनिधी जमले. अध्यक्ष मिधात फ्राशरी, नाइम आणि सामींचा पुतण्या. लिपी ठरवायला अकरा जणांची समिती नेमली; मुसलमान, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, प्रोटेस्टंट सगळे तिच्यात. प्रमुख होते श्कोदरचे फ्रान्सिस्कन कवी ग्येर्ग्य फिश्ता. सेवास्तीची बहीण पराश्केवी किरियाझी या परिषदेला हजर असलेली स्त्री, आणि पुढच्या वर्षी नव्या अक्षरांचं मुलांसाठी पुस्तक लिहिणारीही तीच.

भांडण मुख्यतः दोन लिप्यांमध्ये होतं. इस्तंबूलच्या लिपीत तीस वर्षांची पुस्तकं होती, पत्रव्यवहार होता, कोर्चाच्या शाळेत शिकून मोठी झालेली मुलं होती. दुसरीकडे शुद्ध लॅटिन लिपी, उत्तरेच्या कॅथलिकांकडे वेगवेगळ्या रूपांत चालत आलेली. तिच्या बाजूनं सांगितलेलं कारण अगदी रोखठोक होतं: ही अक्षरं असतील तर पुस्तक युरोपातल्या कुठल्याही छापखान्यात छापता येईल आणि तारही करता येईल. इस्तंबूलच्या खास चिन्हांसाठी खास खिळे हवेत, जसे वेकिलहार्जींना हवे होते. समितीनं दोन्ही लिप्या मान्य केल्या, मात्र लॅटिन लिपीची विविध रूपं मोडून त्यांतून एकच पक्की केली. आजची छत्तीस अक्षरं ती हीच.

त्यांची रचना पाहिली की छापखान्याचा विचार किती खोल गेला होता ते समजतं. सात स्वर, एकोणतीस व्यंजनं. लॅटिनमध्ये नसलेले आवाज दोन अक्षरं जोडून लिहायचे, आणि ती जोडी एकच अक्षर म्हणून मोजायची, अशा नऊ जोड्या. नवं चिन्ह म्हणाल तर फक्त दोन, शेपूट लावलेला सी आणि डोक्यावर दोन टिंबं असलेला ई. दोन्ही फ्रेंचमध्ये आधीच होते, म्हणून खिळे तयार होते. शेपटीचा सी म्हणजे आपल्या ‘चिंच’मधला पहिला च. बिनशेपटीचा सी म्हणजे ‘चांगला’मधला च. मराठीत हे दोन आवाज आपण एकाच अक्षरावर भागवतो. अल्बेनियननं त्यांना वेगळं केलं.

तरुण तुर्कांना हे मानवलं नाही. मुसलमान अल्बेनियनांनी अरबी अक्षरंच वापरावीत म्हणून फतवे निघाले, १९१० मध्ये मोर्चे काढवले गेले. उत्तर म्हणून त्याच वर्षी कोर्चात लॅटिन अक्षरांच्या बाजूनं मोठी सभा झाली आणि एप्रिलमध्ये मनास्तिरला दुसरी परिषद भरली. तिथे लॅटिनचाच आग्रह धरला गेला. त्याआधी डिसेंबर १९०९ मध्ये एल्बासानला शिक्षक घडवणारी शाळा सुरू झाली होती, तिचे पहिले प्रमुख लुइग्य गुराकुकी. तिथून बाहेर पडणारे शिक्षक लॅटिन लिपी घेऊन खेड्यांत जाऊ लागले, तसतशी इस्तंबूलची अक्षरं मागे पडली.

२८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्लोरात अल्बेनियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला गेला तो अल्बेनियन आणि उस्मानी तुर्की या दोन भाषांत. त्याच महिन्यात मनास्तिर सर्बियाच्या सैन्यानं घेतलं. परिषदेचं गाव नव्या अल्बेनियाबाहेर राहिलं, कोर्चा आत राहिलं. १९२८ साली खुद्द तुर्कस्ताननं अरबी अक्षरं सोडून लॅटिन घेतली. १९७२ मध्ये तिरानात लेखननियमांची परिषद भरली आणि उत्तर-दक्षिणेच्या बोलींचा वाद मिटवून प्रमाणभाषा ठरली. त्या परिषदेनं शब्दांची रूपं बदलली, नियम बदलले. मनास्तिरच्या छत्तीस अक्षरांना मात्र तिनं हात लावला नाही.