बापट प्रकरण आणि बचावाचा अधिकार

बाजव्यालगतच्या बडोद्यात १८९४ साली एका मराठी अंमलदाराची नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लागली. रावसाहेब वासुदेव सदाशिव बापट हे संस्थानच्या जमीन-पाहणी खात्यात इलियटसाहेबांचे साहाय्यक. त्यांच्यावर लाचलुचपतीचे आरोप येऊन खास कमिशन बसले. इंग्रजी मुलखात १८५०च्या कायद्याने लेखी दोषारोप, साक्षी व उलटतपासणी यांची रीत घालून दिली होती. संस्थानी नोकराची भिस्त मात्र महाराजांच्या न्यायबुद्धीवर, आणि सयाजीराव महाराज तर तेव्हा युरोपात!

अशा वेळी मित्रासाठी लोकमान्य टिळक बडोद्यास धावून आले. वकील होते, दाजी आबाजी खरेही होते. पण बचावाचा खरा भार टिळकांनीच वाहिला. साक्षीदारांची त्यांनी कसून उलटतपासणी केली, पुराव्याची बारकाईने छाननी करून विस्तृत कैफियत मांडली.  प्रत्येक बापटाला टिळक कुठून लाभणार?

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद ३११ अन्वये मुलकी सेवकास आरोप कळवून, बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून बडतर्फ करण्यास मनाई केली. प्रस्तावित शिक्षेविरुद्ध म्हणणे मांडण्याची दुसरी संधी मात्र १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काढून घेतली.