घूंऽऽ आवाज आणि टोनचं बटण: दोन गिटारींचा इतिहास

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

दिवाळी झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात मंडईचा सीझन. गावोगावी मांडव, रात्रभर नाटकं, कुठं ऑर्केस्ट्रा. गिटारवाला पोरगा जॅक लावतो आणि गाण्याआधीच स्पीकर 'घूंऽऽ' करतो. तो टोनचं बटण पिळतो, आवाज मंद होतो, घूं तसंच राहतं. मग म्हणतो, "भाऊ, नवी गिटार घ्यावी लागते." थांब ना बाप्पा, आधी इतिहास ऐक.

१९३२ साली अमेरिकेत 'फ्राइंग पॅन' नावाची इलेक्ट्रिक गिटार विकायला आली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हवाईयन पद्धतीची. बँडच्या गोंगाटात गिटार ऐकूच येत नव्हती, म्हणून तारांजवळ चुंबक आणि तांब्याच्या तारेची कॉइल बसवली. हाच पिकअप. आपल्या देशातही हवाईयन गिटारच घराघरात ऐकली गेली. व्हॅन शिप्लींनी सिनेमाची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून रेकॉर्ड काढल्या.

पुढचं नाव लिओ फेंडर. यांना गिटार वाजवता येत नव्हती! १९३८ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आजोबांच्या रेडिओला टोनचं बटण असायचं, आठवतं? गिटारचं बटण त्याच घराण्यातलं.

ते करतं काय? राईस मिलची चाळणी आठवा. बारीक कणी खाली पडते, अख्खा तांदूळ वर राहतो. टोनच्या सर्किटमधला कपॅसिटर तसाच: बारीक, टोकदार आवाज तो 'ग्राउंड'मध्ये सोडतो, जाड आवाज पुढे जातो. किती सोडायचं, ते बटण ठरवतं. म्हणजे हे बटण आवाजात काही घालत नाही, फक्त काढतं.

१९५४ साली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली. तीन पिकअप, एक व्हॉल्यूम, दोन टोन. ब्रिजजवळच्या पिकअपला टोनचं बटणच नव्हतं. स्विच तीन जागांचा. वाजवणाऱ्यांनी जुगाड केला: स्विच दोन जागांच्या मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवले. तो आवाज इतका आवडला की १९७७ मध्ये कंपनीनेच पाच जागांचा स्विच दिला.

पण एका कॉइलचा पिकअप वायरिंगमधली विजेची घरघरही पकडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे घूं हा जाड आवाज. टोनचं बटण बारीक आवाज काढतं, मग घूं जाईल कसं?

उत्तर गिब्सनकडे मिळालं. तिथल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला: दोन कॉइल अशा जोडायच्या की घरघर एकमेकींना खोडून टाकते आणि तारांचा आवाज वाढतो. नाव हमबकर. १९५७ पासून तो लेस पॉल गिटारवर बसू लागला. तिला दोन पिकअप आणि प्रत्येकाला वेगळं व्हॉल्यूम, वेगळा टोन.

हमबकरचा आवाज मुळात जाड. म्हणून त्याच्यासोबत सहसा ५०० किलोओहमचं बटण लावतात, त्यातून बारीक आवाज कमी गळतो. सिंगल कॉइल आधीच टोकदार, तिला २५० चालतं.

तर मंडळी, मांडवात काय करायचं? सगळ्यात आधी अर्थिंग तपासून घ्या. तारा लोखंडी आहेत, झटका जिवावर बेतू शकतो. मग लाइटच्या डिमरपासून दूर उभे राहा, गिटारची दिशा बदलून पाहा. पाच जागांचा स्विच असेल तर दुसरी आणि चौथी जागा वापरा; आजच्या बऱ्याच गिटारींत तिथं घूं कमी होतं. एवढं करूनही भागलं नाही, तर हमबकरचा विचार करा. आणि टोनचं बटण घूंसाठी नाही, गाण्यासाठी फिरवा.

तुमच्या गिटारला किती बटणं आहेत, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!