छपरातून आलेलं पाणी

आज लढाई नाही, रणगाडा नाही. आज बोलायचं आहे एका जुन्या मोटारीच्या छपराविषयी. पण गोष्ट फौजेचीच आहे, हे शेवटपर्यंत ऐकलंत तर पटेल.

दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या मुलीचा बडोद्याहून फोन आला. "काका, बाबांची बीटल विकून टाकू, की छप्पर कायमचं बंद करू?" गाडी १९६५ची फोक्सवॅगन. छपरात हातानं दांडी फिरवून मागे सरकवायचा पोलादी पत्रा, म्हणजे सनरूफ. दर पावसाळ्यात आत पाणी यायचं. गॅरेजवाल्यानं फटीत सिलिकॉन भरलं, तरी पाणी थांबेना. आता तो म्हणत होता, वर पत्रा वेल्ड करून टाकू. मी म्हटलं, "बेटा, वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नकोस. मी येतो."

आता जरा मागे जाऊ. मोटारीला उघडणारं छप्पर ही थंड देशांची हौस. तिथं ऊन दुर्मीळ, त्यामुळे निघालेलं ऊन वाया जाऊ द्यायचं नाही. १९३५ साली आलेली मॉरिस एट आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. तिच्यातही सरकत्या छपराचा प्रकार मिळायचा. २६ मे १९३८ रोजी जर्मनीत फोक्सवॅगनच्या कारखान्याची कोनशिला बसली, तेव्हा गाडीचे तीन प्रकार मांडले होते : बंद छपराची, कापडी छप्पर गुंडाळता येणारी आणि पूर्ण उघडी. किंमत ९९० मार्क. आठवड्याला ५ मार्कांची तिकिटं चिकटवून तीन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. त्या योजनेत एकालाही गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झालं, कारखाना लष्करी कामाला जुंपला गेला आणि तिथं वेठबिगार मजूर राबवले गेले. या गाडीच्या कौतुकात ही बाजू विसरू नये.

१९४५ साली हा उद्ध्वस्त कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यात आला आणि तिथं पाठवला गेला मेजर आयव्हन हर्स्ट. हा माणूस रीमी या कोअरचा, म्हणजे ब्रिटिश फौजेतल्या विद्युत आणि यांत्रिकी अभियंत्यांचा. रीमी उभी राहिली १९४२ साली, आमची ईएमई १९४३ साली. म्हणजे नात्यानं आमचा चुलत भाऊच! हर्स्टला काय मिळालं? छत फाडून आत घुसलेला, न फुटलेला एक बॉम्ब यंत्रांच्या मध्ये अडकून बसला होता. तो फुटला असता तर ही गाडी तिथंच संपली असती. बॉम्ब काढला. ब्रिटिश फौजेनं २०,००० गाड्यांची मागणी नोंदवली आणि काम सुरू झालं. मार्च १९४६पर्यंत महिन्याला सुमारे १,००० गाड्या निघू लागल्या. पण छत आणि खिडक्या फुटलेल्या, त्यामुळे पाऊस आला की काम थांबवावं लागे. ज्या कारखान्याचं स्वतःचं छप्पर गळत होतं, त्यातून ही गाडी पुन्हा जन्माला आली!

पुढे १९५० साली बीटलला कापडी सनरूफ मिळू लागलं आणि १९६४च्या मॉडेलपासून, म्हणजे १९६३च्या ऑगस्टपासून, पोलादी पत्र्याचं. इथं खरी मेख आहे. कापडी छप्पर पाणी वरच्या वर अडवतं. कापड आटलं किंवा फाटलं की बदलायचं. पोलादी छपराचा न्याय वेगळा. त्याचं रबर किंवा नमदा सगळं पाणी अडवेल असं बनवणाऱ्यानंच धरलेलं नाही. थोडं पाणी आत येणारच. ते पत्र्याखालच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीबाहेर जातं. म्हणजे पाणी अडवायचं नसतं, त्याला वाट द्यायची असते.

बडोद्यात गाडी कडुनिंबाखाली उभी असायची. मी छप्पर उघडलं आणि कोपऱ्यात एक मग पाणी ओतलं. खाली थेंबही आला नाही. वाळलेली निंबोणीची पानं, धूळ आणि त्यावर गॅरेजवाल्याचं सिलिकॉन, असा नळ्यांच्या तोंडाशी घट्ट बूच बसला होता. अडलेलं पाणी पन्हळीवरून आत सांडत होतं आणि पत्रा कुजवत होतं.

इथं कबुली देतो. कॅप्टन असताना अशाच एका नळीत मी कॉम्प्रेसरची हवा मारली होती. नळी आतल्या आत जोडावरून निसटली आणि सगळं अस्तर उतरवावं लागलं. त्यामुळे या वेळी कपडे वाळवायची नायलॉनची दोरी घेतली आणि हळूहळू सरकवत नेली. सिलिकॉन खरवडलं, गंज घासला, प्रायमर मारला. पत्रा तिरका अडकत होता, कारण ओढणाऱ्या दोन केबलींपैकी एक दात सुटून पुढे गेली होती. दोन्ही समान लावल्या, ग्रीस दिलं, नवं रबर मागवलं.

आणि वेल्डिंगला नकार का? एक कारण कायद्याचं. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नसावा, गाडी मूळ रूपात हवी. दुरुस्ती चालते. पण छपराचं भोक बुजवलंत, तर मूळ रूप कुठं राहिलं?

दुसरं कारण तिनंच सांगितलं. लहानपणी हिवाळ्यात संध्याकाळी बाबा ती दांडी तिलाच फिरवू द्यायचे. गाडी चालवायचे ते, पण आकाश उघडायची ती. हे ऐकल्यावर मी पुढे काही बोललो नाही.

पुन्हा एक मग पाणी ओतलं. क्षणभर काही नाही. मग गाडीखाली चारही बाजूंना थेंब पडू लागले. ती पावसात भिजल्यासारखी हसली. गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर जून उजाडण्याआधी एक मग पाणी ओतून बघा. खाली पाणी आलं नाही, तर आधी नायलॉनची दोरी शोधा. वेल्डिंगवाल्याला मागाहून बोलवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.