घाणेरी : बागेतून रानात

गावाबाहेरच्या वाटांवर दुतर्फा जी काटेरी, उग्र वासाची झुडपे दिसतात, त्यांना मराठीत घाणेरी अथवा टणटणी म्हणतात. ती इतकी सर्वत्र पसरली आहेत की याच मातीतील असावीत, असा समज होतो. वस्तुतः घाणेरीचे मूलस्थान अमेरिकेचा उष्ण प्रदेश. सतराव्या शतकात डच लोकांनी ती युरोपात नेली. तेथील माळ्यांनी संकर करून तिच्या नाना रंगांच्या जाती सिद्ध केल्या. आणि १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेचे झुडूप म्हणून दाखल झाली.

तिला बागेत मान मिळाला तो अकारण नव्हे. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी आणि तांबडी फुले, त्यामागून काळसर जांभळ्या फळांचे झुबके. पाणी थोडे पुरे आणि चारा असताना गुरेही तोंड लावीत नाहीत. कुंपणासाठी याहून सोयीचे झुडूप ते कोणते?

परंतु ज्या फळांनी बागेची शोभा वाढविली, त्यांनीच पुढे घात केला. बुलबुलासारखे पक्षी ती आवडीने खातात आणि बिया दूरवर टाकतात. अशा रीतीने घाणेरी कुंपण ओलांडून माळांवर व अरण्यांत शिरली. तिच्या दाट जाळीखाली गवत खुंटते. टंचाईच्या दिवसांत गुरांनी तिचा पाला खाल्ला, तर यकृत बिघडून कावीळ होते आणि उन्हाने कातडी सोलवटते. भारतातील व्याघ्रप्रदेशांविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर अरण्य तिने व्यापले आहे. हरिण-गव्यांचा चारा त्यामुळे आटतो.

नुसती छाटल्याने ती हटत नाही. बुंध्यापासून पुन्हा जोमाने फुटते. जमिनीखाली मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे टाकावे लागते, आणि तेही फळे धरण्यापूर्वी. पुढे काही वर्षे नवी रोपे उपटीत राहावे लागते.

फळांनी नटलेले झुडूप अंगणात हवे, ही हौस मात्र सोडण्याचे कारण नाही. कुंपणाला काटेरी करवंद आहे. त्याची फळे घरच्या माणसांनाही मिळतात. दाराशी कुंती लावली, तर सुगंधी पांढरी फुले आणि मागाहून तांबडी फळे, असा दुहेरी लाभ होतो. झुडूप निवडताना त्याचे फूल पाहावे, तसेच त्याचे बी कोठवर जाईल हेही पाहावे. कलकत्त्याच्या त्या उद्यानात हा विचार झाला नाही; त्याची किंमत रान अद्याप मोजीत आहे.