स्किझोफ्रेनिया: लहानपणीच्या खुणा कोणत्या, आणि डॉक्टरकडे कधी जायचं?

स्किझोफ्रेनिया, ज्याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, हा आजार बहुतेक वेळा ऐन तारुण्यात उघड होतो. काही जणांमध्ये तो दहावी-बारावीच्या वयातच सुरू होतो. 'परवापर्यंत पोरगा चांगला होता, अचानक काय झालं?' असं घरचे म्हणतात. पण सगळं खरंच अचानक होतं का?

जुन्या नोंदी काय सांगतात?

मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पाच हजारांहून जास्त मुलांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली. त्यातल्या ३० जणांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला. पीटर जोन्स आणि सहकाऱ्यांनी या मुलांच्या नोंदी तपासून १९९४ मध्ये निष्कर्ष मांडले. ते असे:

- ही मुलं सरासरी महिनाभर उशिरा चालायला लागली होती.
- बोलण्यात अडचणी जास्त होत्या.
- ४ आणि ६ वर्षांची असताना एकट्यानं खेळणं त्यांना जास्त आवडायचं.
- ८, ११ आणि १५ व्या वर्षी चाचण्यांत गुण कमी पडले.
- १५ व्या वर्षी चारचौघांत ती जास्त बावरतात, असं शिक्षकांनी नोंदवलं होतं.

म्हणून घाबरायचं का?

नाही. त्याच नोंदींमधली उशिरा चाललेली, एकटी खेळणारी बहुतेक मुलं पुढे ठणठणीत राहिली. अशा खुणांवरून कुणाही एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही. लाजाळू मुलाला 'वेडा' म्हणून शिक्का मारू नका. आणि 'आईचं लक्ष नव्हतं' असा दोषही देऊ नका. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मात्र घरात कुणाला असला तरी मुलाला होईलच असं नाही.

मूल उशिरा चालत किंवा बोलत असेल, तर त्याची तपासणी करून घ्यावीच, कारण त्यामागं दुसरं कारण असू शकतं. अंगणवाडी आणि शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक ही तपासणी मोफत करतं.

हे दिसलं तर थांबू नका

किशोरवयात मुलगा किंवा मुलगी कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणत असेल, लोक पाळत ठेवतात असा पक्का संशय घेत असेल, झोप उडाली असेल, अंघोळ-जेवण सोडलं असेल, मित्र तुटले असतील, बोलणं असंबद्ध होत असेल, तर लगेच डॉक्टरकडे न्या. नशेमुळं किंवा दुसऱ्या आजारामुळंही असं होऊ शकतं. निदान डॉक्टरच करतील.

बऱ्याच घरांत आधी 'बाहेरची बाधा' म्हणून देवऋषी, अंगारे-धुपारे होतात आणि त्यात महिने जातात. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी मूल सावरण्याची शक्यता जास्त. गोळ्या मनानं बंद करू नका.

मदत कुठं मिळेल?

गावातल्या आशाताईंशी बोला किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतूनही बोलता येतं. मूल स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.