घरघर आणि अर्थिंग : कोकणातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओची एक दुर्लक्षित बाजू

रेकॉर्ड संपते, सुई शेवटच्या कोऱ्या चरीत फिरू लागते आणि गाण्याखाली दडलेला एक आवाज वर येतो. रेडिओ दुरुस्त करणारे जुने कारागीर त्याला ‘हमिंग’ म्हणत, घरातली माणसं ‘घरघर’. रत्नागिरीतल्या माझ्या घरी ईएल ८४ व्हॉल्व्हचा एक जुना अँप्लिफायर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची घरघर इतकी वाढली की विलंबित ख्याल ऐकणं अशक्य झालं. दोष शोधता शोधता मी जुन्या रेडिओंच्या इतिहासात शिरलो आणि एका शब्दापाशी अडलो. तो शब्द म्हणजे ‘अर्थ’.

आधी घरघरीची ओळख करून घेऊ. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. व्हॉल्व्हचं फिलामेंट तापवणाऱ्या तारांतून ती गळून आवाजात आली, तर ५० आवर्तनांचा जड, अंगाला जाणवणारा नाद येतो. रेक्टिफायर विजेच्या लाटेच्या दोन्ही बाजू वापरतो, म्हणून त्याच्या पुढचा गाळणीचा कंडेन्सर म्हातारा झाला की १०० आवर्तनांचा नाद येतो. पेटीवरच्या खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचपेक्षा हा सूर किंचित चढा असतो. तिसरा प्रकार करकरीत, मधमाशीसारखा. त्यात वरचे अनेक सूर मिसळलेले असतात आणि तो बहुधा जोडणीच्या किंवा अर्थिंगच्या दोषातून येतो. कान तयार असलेला कारागीर सेट उघडण्याआधीच निम्मं निदान करत असे.

ही घरघर रेडिओबरोबर जन्मली नाही. फ्लेमिंगने पहिला व्हॉल्व्ह १९०४ साली केला आणि त्यानंतरची सुमारे वीस वर्षं घरगुती सेट बॅटरीवर चालत. बॅटरीची वीज सरळ वाहते, तिला आवर्तन नाही, त्यामुळे घरघरही नाही. १९२५ साली टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्सने घरच्या विजेवर चालणारा सेट बाजारात आणला. १९२७ साली अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा २२७ हा व्हॉल्व्ह आला. त्यात तापणारी तार आणि इलेक्ट्रॉन सोडणारी नळी वेगळ्या होत्या, म्हणून तारेतली वीज उलटसुलट झाली तरी नळीचं तापमान स्थिर राही. त्याच वर्षी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. म्हणजे आपल्याकडे नियमित प्रसारण सुरू होत असताना, जगात रेडिओ बॅटरी सोडून भिंतीतल्या विजेकडे वळत होता.

कोकणाच्या वाट्याला हे वळण उशिरा आलं. जुन्या घरांत, भंगाराच्या दुकानांत जिथे व्हॉल्व्हचा सेट दिसेल तिथे त्याची मागची पुठ्ठ्याची पाटी वाचायची मला सवय आहे. डीके ९६, डीएफ ९६, डीएल ९६ अशी नावं असली की तो सेट कोरड्या बॅटरीचा. फिलामेंटला जेमतेम दीड व्होल्ट आणि एचटीला ९० व्होल्टची जाड बॅटरी, असा त्याचा संसार. वीज न पोचलेल्या गावांसाठीच तो बनलेला. कोयनेचं वीजघर चिपळूण तालुक्यात, पोफळीला; तिथली वीजनिर्मिती १९६२ साली सुरू झाली. पण डोंगराच्या पोटात वीज तयार झाली म्हणून वाडीवाडीत दिवा लागला, असं झालं नाही. रत्नागिरीला स्वतःचं आकाशवाणी केंद्र १९७७ साली मिळालं, तोवर ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला हटवलंही होतं. कोकणातल्या कित्येक घरांनी त्यामुळे व्हॉल्व्हची घरघर कधी ऐकलीच नाही. बॅटरीच्या व्हॉल्व्हवरून ती थेट ट्रान्झिस्टरवर आली.

आता त्या शब्दाकडे येतो. बॅटरीच्या सेटमागे दोन भोकं असत, एक एरियलचं आणि एक अर्थचं. एरियलची तार माडाला किंवा बांबूला बांधायची आणि अर्थची तार जमिनीत पुरायची. ही अर्थ स्टेशन नीट लागावं म्हणून होती. ती काढली तर आवाज क्षीण होई, पण माणसाला धोका नव्हता. वीज आल्यावर दुसरी अर्थ आली. तीन पिनांच्या प्लगमधली ती जाड, लांब पिन. ब्रिटिशांच्या १९३४ सालच्या मानकातून आपल्याकडे आलेल्या या प्लगमध्ये अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवली आहे, म्हणजे वीज जोडली जाण्याआधी अर्थ जोडली जावी. हिचा स्टेशन लागण्याशी संबंध नाही. धातूच्या चॅसीवर चुकून वीज उतरली तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी, एवढंच हिचं काम.

नाव एक, कामं दोन. त्यातून गोंधळ झाला. एसी-डीसी सेटांनी तो आणखी वाढवला. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसे. विजेची एक तार सरळ चॅसीला जोडलेली. प्लग उलटा बसला की चॅसीच ‘फेज’. म्हणून त्यांच्या बटणांचे स्क्रू खोल बसवून मेणाने बुजवत आणि मागचं अर्थचं भोक कंडेन्सरमधून जोडत. हे माहीत नसलेल्या माणसाने थेट चॅसीला अर्थची तार लावली, तर फ्यूज तरी उडे नाहीतर चॅसी विजेसकट त्या तारेवर चढे. अशा दोन-चार अनुभवांतून ‘रेडिओला अर्थ लावू नये’ अशी समजूत घट्ट झाली असावी, असं मला वाटतं.

या समजुतीचा वारसा माझ्याही घरी आला. माझ्या अँप्लिफायरची घरघर व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर बरीच कमी होई. म्हणजे तिचा मोठा भाग व्हॉल्यूमच्या आधीच्या टप्प्यात शिरत होता. उरलेला १०० चा नाद गाळणीचे कंडेन्सर बदलल्यावर गेला. करकर मात्र राहिली. बोलावलेल्या वायरमनने सोपा उपाय सांगितला : अर्थची पिन काढा. मी काढली. घर शांत झालं. दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी, दमट हवेत, ओल्या हाताने रेकॉर्ड प्लेयरच्या दांडीला हात लागला आणि खांद्यापर्यंत झटका बसला.

मग उलगडा झाला. अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन खाऱ्या, ओल्या हवेने कमकुवत झालं होतं आणि थोडी वीज चॅसीवर गळत होती. अर्थ जोडलेली असताना ती जमिनीत जात होती. पण अँप्लिफायर एका खोलीच्या बोर्डवर होता आणि रेकॉर्ड प्लेयर दुसऱ्या. दोघांची अर्थ वेगळ्या वाटेने खड्ड्यापर्यंत जाई, म्हणून गळक्या विजेचा एक भाग पिकअपच्या तारेच्या जाळीतून वाहत होता. करकर त्याचीच. घरघर मला सांगत होती की ट्रान्सफॉर्मर गळतोय. मी सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं.

खड्डाही तपासला. आपला जांभा दगड सच्छिद्र. पावसाळ्यात तुडुंब, आणि उन्हाळ्यात वरचा थर कोरडा ठणठणीत. कोरड्या जमिनीत वीज सहज मुरत नाही. म्हणून मीठ-कोळशाचे थर आणि वैशाखात खड्ड्यात बादलीभर पाणी, ही जुनी पद्धत. माझ्या खड्ड्यात कित्येक वर्षांत पाणी पडलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून आणला, खड्डा नवा केला, दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर घेतली आणि पिन परत बसवली. करकर गेली. अगदी कान लावला तर ५० चा मंद नाद येतो, तेवढा व्हॉल्व्हचा हक्क आहे.

घरघर लपवायची धडपड व्हॉल्व्हइतकीच जुनी आहे. १९३०च्या दशकातल्या स्पीकरमध्ये तर घरघरीला उलट दिशेने ढकलणारी वेगळी कॉइलच गुंडाळलेली असे. ईएफ ८६ मध्ये तापणारी तार दुहेरी वळवून तिचं चुंबकत्व तिच्याकडूनच मारलं होतं. हे करणाऱ्यांनी घरघर कुठून येते ते आधी शोधलं आणि मग ती शमवली. पिन कापणं हा त्यांच्यातला मार्ग नव्हे. आज जुने व्हॉल्व्हचे सेट हौसेने पुन्हा चालू होत आहेत, आणि त्यांचा आवाज ऐकून दोष ओळखणारे कान कमी होत चालले आहेत. हौसेने असा सेट घरी आणणाऱ्याने एवढं जरूर करावं : पहिली रेकॉर्ड लावण्याआधी त्याची घरघर पाच मिनिटं शांतपणे ऐकावी, आणि उन्हाळा असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात एक बादली पाणी ओतावं.